काटकसर शिकणाऱ्यांसाठी: आधी वही, मग स्वयंपाकघर, बाग सगळ्यात शेवटी

काटकसर करायचं ठरवलं की बरेच जण पहिल्याच आठवड्यात खरेदीला निघतात. कुंड्या येतात, मातीच्या पिशव्या येतात, एकसारख्या काचेच्या बरण्या येतात, हिशेबासाठी छानशी डायरीही येते. महिनाअखेरीला बघावं तर खर्च वाढलेला, कुंडीत दोन पिवळी पानं आणि उत्साह मावळलेला.

घरखर्च सांभाळताना मला उपयोगी पडलेला क्रम असा आहे: आधी वही, मग फ्रीज, मग शेगडी, मग बाजार आणि बाग अगदी शेवटी. नव्याने घर मांडलं असेल, कमाई घटली असेल किंवा पैसे कुठे जातात तेच कळत नसेल, तर याच क्रमाने जा. मधली पायरी गाळली की पुढची महाग पडते.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- कुठलीही वही आणि पेन
- मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट
- वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या बिलांची यादी: विमा, फी, कर, गाडीची सर्व्हिसिंग
- प्रेशर कुकर, नाहीतर घट्ट झाकणाचं जाड बुडाचं पातेलं
- झाकणाचे चार-पाच डबे (रिकामे झालेले कुठलेही चालतील), कागदी चिकटपट्टी, मार्कर
- जमलं तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा

कुंडी, माती, बियाणं यांतलं अजून काहीही आणू नका.

१. पहिला महिना नुसतं लिहा

या महिन्यात काहीही कमी करायचं नाही. रोज झोपण्यापूर्वी दिवसभराचा खर्च लिहायचा, बस्स. रोख, कार्ड, मोबाइलवरून दिलेले, सगळे. फोनवरून दिलेले छोटे पैसे सगळ्यात लवकर विसरले जातात, म्हणून ते त्या क्षणीच टिपून ठेवा.

रकाने पाच-सहाच ठेवा: घर आणि बिलं, जेवणखाण, बाहेरचं खाणं, प्रवास, औषधपाणी, इतर. पंचवीस रकाने पाडणाऱ्याची वही आठवड्यातच बंद पडते. मात्र ‘इतर’ फुगायला लागलं तर ते उघडून बघा, तिथे बहुधा एखादा नवा रकाना दडलेला असतो. जपानमध्ये १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरखर्चाच्या वहीची पद्धत रूढ केली. तिला काकेबो म्हणतात आणि ती आजही हाताने लिहिली जाते. ॲप वाईट नाही, पण आकडा स्वतःच्या हाताने लिहिताना जो चटका बसतो तो आपोआप भरणाऱ्या तक्त्यात बसत नाही.

महिना संपला की ‘जेवणखाण’ आणि ‘बाहेरचं खाणं’ यांची बेरीज करून एकूण खर्चाशी ताडून पाहा. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेलं निरीक्षण अजून खरं आहे: उत्पन्न जितकं कमी, तितका खाण्यावरच्या खर्चाचा वाटा मोठा. घरभाडं किंवा हप्ता याच महिन्यात कमी करणं आपल्या हातात नसतं, स्वयंपाकघर मात्र उद्यापासून बदलता येतं. म्हणून पुढचा बहुतेक लेख त्याच खोलीत घडतो.

२. महिन्याचे पैसे वाटून टाका

वर्षातून एकदा येणारी बिलं ‘अचानक’ येत नाहीत, त्यांची तारीख ठरलेली असते. त्यांची बेरीज करून १२ ने भागा. समजा बेरीज २४,००० झाली, तर दरमहा २,००० वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते आपले नाहीतच असं समजायचं. विम्याचा हप्ता कार्डावर टाकून तो पुढे तीन महिने फेडत बसण्याची वेळ याने टळते.

आता एक सापळा, जो जवळजवळ सगळ्यांना पकडतो. खाण्याचे महिन्याचे पैसे ठरवले की लोक त्यांना ४ ने भागून आठवड्याचा आकडा काढतात. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. वरचे दोन-तीन दिवस हिशेबात धरलेलेच नसतात. वर्षभरात असे २९ दिवस साठतात, म्हणजे जवळपास अख्ख्या महिन्याचं जेवण. ‘दर महिन्याच्या शेवटी ओढाताण होते’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा एवढंच असतं. म्हणून महिन्याचा आकडा दिवसांनी भागा आणि ७ ने गुणा.

अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असा सर्वसाधारण सल्ला असतो. नवख्याला तो आकडा बघूनच धाप लागते. आधी एका महिन्याचा साठवा. चढ्या व्याजाचं कर्ज असेल तर थोडी गंगाजळी ठेवून बाकीचा जोर तिकडे लावा. कार्डाची थकबाकी ठेवून बचत खात्यात पैसे साठवणं म्हणजे स्वतःलाच तोटा देणं.

३. फ्रीजमधली गळती थांबवा

स्वस्त भाजी शोधत दोन किलोमीटर चालणारा माणूस घरी आल्यावर मागच्या आठवड्याची पालेभाजी सहज फेकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. माणशी हिशेब केला तर घरातून वर्षाला ७९ किलो. आपल्या घरचं निम्मं असेल असं धरलं तरी ते सगळं आपण पैसे देऊन आणलेलं असतं.

उपाय साधा आहे. फ्रीजच्या डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक उघडा डबा ठेवा आणि त्यावर ‘आधी हे’ असं लिहा. अर्धा कांदा, वाटीभर उरलेली डाळ, मऊ पडत चाललेला टोमॅटो, तारीख जवळ आलेलं दही, सगळं त्यात. रोजचा स्वयंपाक ठरवताना पहिला प्रश्न ‘आज काय खावंसं वाटतंय’ हा नसावा, ‘या डब्यात काय आहे’ हा असावा. घरातल्या इतरांनाही तो डबा दाखवून ठेवा, नाहीतर अर्धा कांदा तुम्ही त्यात ठेवाल आणि दुसरं कुणी नवा चिरेल. शिजवलेल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाका. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेला डबाच पुढे बुरशी येऊन सापडतो.

काही गोष्टी जागा बदलल्यानेच जास्त टिकतात. बटाटे अंधारात आणि हवेशीर ठेवा, कांद्यांपासून लांब. उजेडात हिरवे पडलेले बटाटे खाऊ नका, त्यांत सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली की घामेजत नाही. पाव दोन दिवसांत संपणार नसेल तर कापून फ्रीजरमध्ये टाका.

इथे काटकसरीची एक हद्दही सांगायला हवी. फ्रीज ५ अंश सेल्सिअसच्या खाली हवा. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि तीन-चार दिवसांत संपायला हवं. पुन्हा गरम करायचं ते वाफाळेपर्यंत. भाताचं जास्तच जपा: तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात, बाहेर राहिलेल्या कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. वास घेऊन ठरवायची सवय अनेकांना असते. पण आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास येतोच असं नाही. शंका आली तर टाकून द्या. दवाखान्याचं बिल वाटीभर भातापेक्षा मोठं असतं.

पाकिटावरच्या तारखांतही फरक आहे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा उतरू शकतो. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती ओलांडू नका.

४. आठवड्याचा कणा: भिजवलेली कडधान्यं

कमी खर्चात पोटभरीचं आणि प्रथिनांचं जेवण हवं असेल तर सुक्या कडधान्यांना तोड नाही. एक वाटी सुक्या काबुली चण्यांचे शिजून अडीच ते तीन वाट्या होतात. डब्यातले शिजवलेले विकत घेताना बरेच पैसे पाण्याचे आणि डब्याचे जातात.

सुट्टीच्या आदल्या रात्री दोन-तीन वाट्या कडधान्य भरपूर पाण्यात ८ ते १२ तास भिजवा. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. मीठ घालून भिजवलं तरी बिघडत नाही, उलट साल मऊ होते. आंबट मात्र आधी घालू नका. टोमॅटो, लिंबू, चिंच यांनी दाणा टणकच राहतो, ते दाणा बोटांत चिरडला गेल्यावर घाला. शिजलेलं गार करून त्याचे वाटीवाटीचे डबे भरा: दोन फ्रीजमध्ये, बाकीचे फ्रीजरमध्ये. मग सोमवारी त्याची रस्साभाजी, बुधवारी कांदा-काकडी-लिंबू घालून सॅलड, आणि उरलेलं ठेचून, सुका पाव चुरून घालून, तव्यावर टिक्क्या. तिन्ही दिवस शेगडी थोडाच वेळ पेटते आणि ‘आज बाहेरून मागवू’ हा विचार येईपर्यंत ताट वाढलेलं असतं. माझ्या वहीत सगळ्यात मोठी बचत या एका सवयीने दिसली, कारण तिने ‘बाहेरचं खाणं’ हा रकाना आटवला.

राजम्याबाबत एक सक्त सूचना. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन असतं आणि त्याने जोराच्या उलट्या होतात. भिजवून, पाणी बदलून, नंतर खळखळ उकळत निदान १० मिनिटं, आणि पुढे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचाच. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नका. तिथलं तापमान पुरेसं चढत नाही आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही जास्त बाधतो. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण आत पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं.

इंधनाबद्दल थोडं. उघड्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान १०० अंशांवर थांबतं. पुढे आच कितीही मोठी केली तरी अन्न लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त उडते. उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण ठेवा. कुकरला दाब आला की तेव्हाही बारीक. डाळ, भात, बटाटे शेवटची काही मिनिटं आच बंद करून झाकणाखाली मुरू द्या. ज्वाला भांड्याच्या कडेने वर येत असेल तर तेवढा गॅस खोली तापवतोय.

फुलकोबीचे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, पालकाचे देठ हे सगळं खाण्याजोगं आहे. बारीक चिरून भाजीत आधी टाका, पानं नंतर.

५. बाजारात

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण वरचं जमलं तर खरेदी आपोआप आकसते. ‘आधी हे’चा डबा बघून यादी करा आणि पोट भरलेलं असताना जा. किंमत पाकिटाची बघू नका, किलोमागे किती पडते ते बघा: किंमत भागिले वजन. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतं असं नाही आणि आकार तोच ठेवून आतलं वजन घटवणं ही जुनी युक्ती आहे. चिरलेली भाजी, सोललेला लसूण, किसलेलं चीज यांत तुम्ही कुणाच्या तरी पाच मिनिटांचे पैसे देता. वेळच नसेल तर जरूर घ्या, पण वहीत ते निराळं दिसू द्या.

घाऊक घ्यायचं ते तुमच्याकडे नक्की संपणारंच. पीठ, तेल, सुकामेवा, मसाले महिनोन्‌महिने पडून राहिले की किडतात किंवा खवट होतात, आणि फेकलेल्या पावशेरात सगळी सवलत निघून जाते.

६. आता बाग, तीही छोटीच

घरी पिकवलेलं फुकट मिळतं ही समजूत आधी डोक्यातून काढा. नवी कुंडी, विकतची माती, खत, रोप यांचे पैसे धरले तर पहिल्या मोसमातला टोमॅटो दुकानातल्यापेक्षा महाग पडू शकतो. बाग परवडते ती दोनच प्रकारांनी: जे बाजारात वजनाच्या मानाने महाग आणि नाशवंत असतं ते लावून, आणि सामान शक्यतो घरातलंच वापरून. बटाटे, कांदे स्वस्त असतात, टिकतात आणि जागा खातात. ते सोडा. कोथिंबीर, पुदिना, पातीचा कांदा, पालक, लेट्यूस यांची मात्र चिमूटभर गरज असते आणि जुडी अख्खी घ्यावी लागते. उरलेली काळी पडते. ही गळती खिडकीतल्या कुंडीने बंद होते.

आधी ऊन मोजा. सुट्टीच्या दिवशी खिडकीत किंवा गॅलरीत दर तासाला डोकावून, थेट ऊन किती वेळ पडतं ते लिहा. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या आणि पुदिना येईल. सहा तास किंवा जास्त असेल तरच टोमॅटो-मिरचीच्या वाटेला जा. टोमॅटोला १५ ते २० लिटरचं भांडं लागतं, लहान कुंडीत झाड खुरटतं आणि फळं कमी धरतात. फुटकी बादली, तेलाचा डबा काहीही चालेल, फक्त बुडाला चार-पाच भोकं हवीतच. मुळं पाण्यात कुजून मेलेल्या झाडांची संख्या तहानेने मेलेल्यांपेक्षा कमी नसते. माती दोन पेरं खोल बोट घालून बघा, कोरडी लागली तरच पाणी.

कोथिंबिरीसाठी बी विकत आणू नका, स्वयंपाकाचे धणे वापरा. धण्याचा गोल दाणा म्हणजे खरं तर फळ असतं आणि त्यात दोन बिया असतात. मूठभर धणे कापडावर पसरून लाटण्याने अलगद फिरवा. कट्‌कट्‌ असा बारीक आवाज येत दाणे दोन फाकांत सुटतात. चुरा झाला तर हात जड पडला. या फाका रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी भुसभुशीत मातीवर पसरा आणि वरून सेंटीमीटरभर माती टाका. आठवडा-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. धणे जुने किंवा भाजलेले असतील तर काहीच उगवणार नाही, म्हणून आधी दहा फाका ओल्या कागदात गुंडाळून ठेवा आणि किती उगवतात ते पाहा. सगळी कुंडी एकदम पेरू नका, दर दोन आठवड्यांनी एक पट्टा पेरला की कापणी सुरू राहते.

पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. त्याला कुंडी स्वतंत्र द्या, शेजाऱ्याला तो जगू देत नाही. पातीच्या कांद्याची मुळांकडची दोन बोटं टोकं मातीत खोचा, पात पुन्हा येते. पालक, लेट्यूस मुळासकट उपटू नका. बाहेरची पानं खुडत गेलात तर आतून नवी येत राहतात. धीर धरवत नसेल तर मुळा लावा, लहान जातींचा २५ ते ३० दिवसांत काढायला येतो.

खत घरचंच. भोकं पाडलेल्या डब्यात ओल्या कचऱ्याच्या (सालं, देठ, चहाचा चोथा) एका भागाला सुक्याचे (वाळकी पानं, फाटलेला पुठ्ठा) दोन-तीन भाग घाला आणि आठवड्यातून एकदा हलवा. घाण वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, पुठ्ठा वाढवा. शिजलेलं आणि मांस-मासे त्यात नको. रहदारीच्या रस्त्याकडेची किंवा जुन्या रंगाचे पापुद्रे पडलेल्या भिंतीलगतची माती मात्र फुकट मिळाली तरी खायच्या रोपांना वापरू नका, तिच्यात शिसं असू शकतं.

बी धरायचं असेल तर पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘हायब्रीड’ (म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेलं बी) लिहिलंय का बघा. तसं असेल तर पुढच्या पिढीत तेच गुण येतील असं नाही. साध्या वाणाचं एखादं झाड न कापता फुलू द्या, बी झाडावरच सुकू द्या, कागदी पाकिटात नाव आणि वर्ष लिहून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि वहीत ‘बाग’ असा सातवा रकाना उघडा: एका बाजूला लावलेले पैसे, दुसऱ्या बाजूला न आणाव्या लागलेल्या जुड्या. मोसम संपताना ज्या कुंडीचा हिशेब तुटीचा निघेल ती पुढच्या खेपेला कोथिंबिरीला द्या. आवडीखातर एखादी तोट्यातली ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, फक्त तो खर्च करमणुकीच्या खात्यात लिहा.